ग्यानबाचा सर्वर नाही म्हणायला शिकला

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाका लागतो. तिथून आत चार किलोमीटरवर ग्यानबाचं गाव. या ग्यानबाला उभ्या आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. याला कोणी मनाचा मोठेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो. त्याची बायको सखुबाई याला रोग म्हणायची, आणि तिचा अनुभव तेहतीस वर्षांचा होता. लग्न जुळवताना तिच्या बापाने विचारलं, "नोकरीचं काही जमंल का, पोरा?" ग्यानबा म्हणाला, "होऊन जाईल." विहिरीला पाणी? होऊन जाईल. घरात संडास? होऊन जाईल. संडास झाला तेव्हा त्यांची लेक प्रियंका सातवीत होती. नोकरीचं तर अजून व्हायचंच होतं, आणि ग्यानबा आता अठ्ठावन्नचा.

धंदा म्हणाल तर हळदीच्या कुकरचा. हळद नुसती जमिनीतून काढून भागत नाही. ती वाफेवर शिजवावी लागते, मग पंधरा-वीस दिवस वाळवावी लागते, मग ती बाजार बघते. शिजवायला लागतो हा कुकर, म्हणजे चाकांवरचा लोखंडी गाडा, खाली भट्टी, वर पाण्याची टाकी आणि चार ड्रम. ट्रॅक्टरमागे जोडायचा आणि ज्याचा नंबर त्याच्या शेतात नेऊन उभा करायचा. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चार गावं आणि दोन तांडे ग्यानबाच्या कुकरची वाट बघायचे. वाट बघणं म्हणजे नुसतं रस्त्याकडे बघणं नव्हे. लाकडं फोडून ठेवायची, टाकीभर पाण्याची सोय लावायची, आठ-दहा बायांना मजुरीला सांगायचं, त्यांच्या चहाचं बघायचं, आणि घरातल्या एकाने तरी जागचं हलायचं नाही.

आणि ग्यानबा सगळ्यांना 'उद्या' सांगायचा. एका दिवसात सात जणांचे फोन आले तर सातही जणांना उद्या. खोटं बोलायचा असं नाही. फोनवर तो बोलायचा तेव्हा त्याला खरोखर वाटायचं की उद्या सकाळी आपण सातही ठिकाणी असू. समोरचा माणूस आशेने विचारतोय आणि आपण त्याचं तोंड पाडायचं, हे त्याच्याने व्हायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी एकाकडे कुकर पेटायचा आणि सहा घरी चहा उकळून उकळून काळा व्हायचा.

याचा व्हायचा तो परिणाम झाला होता, फक्त ग्यानबाला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या नावाची म्हण पडली होती. प्रियंकाने ती पहिल्यांदा ऐकली हिंगोलीच्या एसटी स्टँडवर. दोन अनोळखी पोरी बोलत होत्या. एकीने विचारलं, "तुझा रिझल्ट कव्हा हाय?" दुसरी म्हणाली, "ग्यानबाचं उद्या," आणि दोघी खिदळल्या. प्रियंकाने बसमध्ये कानात गाणी लावली, पण ऐकू काहीच आलं नाही. घरी येऊन तिने आईला सांगितलं. सखुबाई म्हणाली, "मला चार साल झाले ठाव हाय. त्यायला नको सांगूस. जेवायचे न्हाईत."

प्रियंका नांदेडला कॉम्प्युटर शिकली होती, तीन वर्षं पुण्यात नोकरी करून आता तेच काम गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून करायची. तिने ठरवलं, बापाला बदलणं आपल्या हातात नाही, पण बापाच्या वतीने खरं बोलणारं काहीतरी बनवता येईल. नावाला लागलेला हा डाग पुसला पाहिजे, आणि तोही आबांच्या कानावर ती म्हण जायच्या आत.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या फोनचा भार मी हलका करते."

तिने त्याला समजावलं ते असं. आता लोक फोनमधल्या एआयला काहीही विचारतात. पाऊस कधी, सोयाबीनला फवारा कोणता. पण त्या एआयला तुमच्या कुकरची काही माहिती नाही. म्हणून एक सर्वर करायचा. म्हणजे चोवीस तास जागा असलेला मुनीम समजा. कुकरची वही त्याच्याकडे. एआयने विचारलं की कुकर कुठे आहे, नंबर कधी लागेल, ते हा सांगेल, आणि नंबर लावूनही घेईल. पण अनोळखी मुनीमावर एआय विश्वास ठेवत नाही. त्यासाठी साऱ्या जगाला उघडी असलेली एक यादी असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तिथली माणसं सर्वर उलटापालटा करून तपासतात, आणि पसंत पडला तरच त्याचं नाव चढवतात.

"रजिस्ट्री म्हंजे दोन साक्षीदार आले," ग्यानबा म्हणाला. "देविदासला सांगून ठिवतो. आंगठ्याचं, फोटोचं काम आसल तर दाढी करून जावं लागंल."

देविदास म्हणजे कुकरवरचा त्याचा माणूस. जवळच्या तांड्यातला, पन्नाशीचा, भट्टी लावण्यात पटाईत आणि बोलायला महाग.

साक्षीदार लागले नाहीत, पण बाकी बरंच लागलं. पोरगी दाखवायची असली की घर जसं झाडून-सारवून काढतात, तसं प्रियंका पंधरा दिवस तो सर्वर झाडत होती. पहिली अडचण पासवर्डची निघाली. तिने घाईत पासवर्ड प्रोग्रामातच लिहून ठेवला होता, आणि रजिस्ट्रीला ते मुळीच चालत नाही. "काय ठिवला व्हता?" ग्यानबाने विचारलं. म्हशीचं नाव ठेवलं होतं. "मग बदल, माय. ते तं साऱ्या गावाला ठाव हाय, आन म्हशीला बी."

दुसरी अडचण परवान्याची. हा सर्वर कोणीही घ्या, वापरा, बदला, असं लिहून द्यायचं होतं. त्याला ग्यानबाची हरकत नव्हती. मागेल त्याला द्यायचं हे त्याच्या रक्तातच होतं. पण पुढे लिहिलं होतं की हा जसा आहे तसा घ्यावा, याची कोणतीही हमी नाही, हा कोणत्याही कामाला येईलच असं नाही. हे ऐकून तो खाटेवरून उठून बसला.

"हमी न्हाई? मग कशाला देऊन राहिली लोकाइला? आपल्या कुकरात कच्ची राहिली तं आपुन परत शिजवून देतो."

"आबा, सगळेच असं लिहितात."

"सगळ्याइचं सगळ्याइपाशी. बापाच्या नावावर आसं लिहू नको."

शेवटी परवान्याचा मजकूर आहे तसाच राहिला, आणि सर्वरसोबत जोडलेल्या सूचनांच्या कागदात खाली एक ओळ वाढली: हळद कच्ची राहिल्यास पुन्हा शिजवून दिली जाईल. त्या रजिस्ट्रीतल्या हजारो सर्वरांमध्ये हळद पुन्हा शिजवून द्यायची हमी देणारा तो एकटाच असावा.

लोकांचे फोन नंबर उघडे ठेवायचे नाहीत, हाही नियम होता. तोही ग्यानबाला पटला नाही. त्याच्या गावात अर्ध्या लोकांचे नंबर भिंतीवरच रंगवलेले होते.

पण खरा घोटाळा झाला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यात काही चुकतंय असं दोघांना वाटलंच नाही. प्रियंकाने बापाला विचारलं, "कोणी नंबर मागितला, तर सर्वरने काय उत्तर द्यायचं?" ग्यानबा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "कोनालाच न्हाई म्हनायचं न्हाई. होऊन जाईल म्हनायचं. शेवटी आपल्या दारातला मुनीम हाय तो, आपली रीत पाळंल." प्रियंकाने तसंच लिहिलं. ती खरं बोलणारं यंत्र बनवायला बसली होती, पण जन्मल्यापासून ज्या घरात 'नाही' ऐकलं नाही, त्या घरात वाढलेल्या पोरीला ते लिहायचं सुचणार कुठून? तिने बापाचाच स्वभाव जसाच्या तसा सर्वरमध्ये उतरवला आणि फेब्रुवारीच्या मध्याला तो रजिस्ट्रीकडे पाठवून दिला. महिनाअखेरीला मामाच्या पोरीच्या साखरपुड्यासाठी ती आणि सखुबाई परभणीला गेल्या.

त्या गेल्या आणि ग्यानबाच्या फोनवर सर्वरचा पहिला निरोप आला. 'नवी नोंद. नाव: जॉन डो. गाव: वारंगा फाटा. हळद: ९९९९ क्विंटल. तारीख: ३० फेब्रुवारी. दिलेलं उत्तर: होऊन जाईल.'

ग्यानबाने तो देविदासला तीनदा वाचायला लावला.

"धा हजाराला एक कमी," ग्यानबा म्हणाला. "हिशेबी मानूस दिसतो."

"काका, फेब्रुवारीत तीस तारीख नसती."

"आपल्यात नसती. ह्यो बाहेरदेशचा हाय, नाव नाई पाह्यलंस? त्याह्यचं कॅलेंडर येगळं आसल." मग बोटांवर मोजून तो म्हणाला, "अठ्ठावीसच्या म्होरं दोन दिवस. म्हंजे दोन मार्चला पोचायचं."

"वारंगा फाटा सत्तर किलोमीटर हाय, काका. आन दोन मार्चचा तुमी आपल्या तिघा जनाला शब्द देऊन बसलेत."

"त्याह्यचं होऊन जाईल. पन पोरीच्या सर्वरनं दिलेला पैला शब्द हाय. मुनीमाचा शब्द मालकानं नाही पाळला, तं त्या रजिस्ट्रीत नाव चढंल का?"

यात तथ्य नव्हतं असं नाही. ग्यानबाचं असंच होतं. त्याच्या प्रत्येक चुकीच्या मुळाशी काहीतरी चांगलं असायचं, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

दोन मार्चला उजाडताच ट्रॅक्टरमागे कुकर जोडून दोघे निघाले. हिंगोली गेली, कळमनुरी गेलं. मागे एसटीवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. वाटेत त्या तिघांचे फोन आले. ग्यानबा प्रत्येकाला म्हणाला, "निघालोच, रस्त्यातच हाव." हे शंभर टक्के खरं होतं. रस्ता तेवढा उलट्या दिशेचा होता.

साडेअकराला ते वारंगा फाट्यावर पोचले. हमरस्त्यांचा फाटा, ट्रकांची रांग, टायरची दुकानं, हॉटेलं. दहा हजार क्विंटल हळद कुठे दिसेना. ग्यानबाने कुकर कडेला लावला आणि टायरवाल्याला विचारलं, पानटपरीवाल्याला विचारलं, ट्रक धुणाऱ्यांना विचारलं. जॉन डो कोणाला माहीत नव्हता. एकाने रस्त्याच्या कामावरच्या इंजिनियरचं नाव सांगितलं, पण तो निघाला तामिळी आणि त्याला हळद फक्त भाजीतली माहीत होती. शेवटी दोघे किसनसिंगच्या चहाच्या हॉटेलात टेकले. किसनसिंग मिशीवाला, गप्पिष्ट आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःशी बोलणारा.

"कोनाला धुंडाळून राहिले?"

ग्यानबाने सगळं सांगितलं. आज यायचं कबूल केलं होतं, म्हणून आलो. किसनसिंगने कपाळावर हात मारला.

"कबूल केलं आन त्याच दिवशी आले? कुकर घेऊन? मंग तुमी आपल्या जिल्ह्यातले न्हाईत."

"काहून?"

"आवो, हिकडं कुकरवाल्याचा शब्द म्हंजे ग्यानबाचं उद्या."

ग्यानबाने कप खाली ठेवला.

"म्हंजे?"

"म्हन हाय आमच्याकडं. गाडी येनार का? ग्यानबाचं उद्या. लाईट येनार का? ग्यानबाचं उद्या. माह्या मेव्हन्याला इचारलं, उसने घेतलेले भांडे कव्हा आनतो, तं त्यो बी हेच म्हनला. काही होनार नसलं का असं म्हनायचं."

"आन कोन हाय ह्यो ग्यानबा?"

"कोनाला ठाव. तिकडं वाशीमच्या अंगाला व्हता म्हनतात कोनी कुकरवाला." किसनसिंगने गाळणं झटकलं. "मेला आसल आता."

ग्यानबाने चहा बाजूला सरकवला. त्याला आधी वाटलं, दुसरा एखादा ग्यानबा असेल. मग त्याने देविदासकडे पाहिलं. देविदास स्वतःच्या चपलेचा अंगठा अशा बारकाईने बघत होता, जणू तो आजच बसवला होता.

"देविदास, तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

"कव्हापासून?"

"सहा-सात साल झाले."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

देविदासने मान वर केली. "तुमीच तं शिकवलं, काका. समोरच्याला वाईट लागल आसं तोंडावर बोलायचं न्हाई."

चहाचे पैसे देऊन दोघे परत निघाले. ग्यानबाला आधी राग आला. सगळ्यांसाठी मर मर मरायचं आणि वर नावाची म्हण पाडून घ्यायची! मग राग कुठल्या कुठे गेला आणि लाज वाटायला लागली. सत्तर किलोमीटरवरचा माणूस, ज्याने आपलं तोंडही पाहिलं नाही, तो आपल्या नावावर हसतो. याच्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वाटेत त्या तिघांपैकी एकाचा पुन्हा फोन आला. तो वाजून वाजून थांबला. घ्यावा तर बोलायचं काय, हेच ग्यानबाला कळेना.

घरी आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. परभणीहून परतलेली प्रियंका ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. चेहरा उतरलेला. रजिस्ट्रीने सर्वर नाकारला होता.

"वाच," ग्यानबा म्हणाला. "मराठीत वाच. काही गाळू नको."

तपासणारा कोण, कुठल्या देशाचा, काही माहीत नव्हतं, पण माणूस सभ्य होता. त्याने लिहिलं होतं की सूचना उत्तम आहेत, पुन्हा शिजवून देण्याची हमी त्याला फार आवडली. पण त्याने मुद्दाम नसलेल्या तारखेला, नसलेल्या माणसाच्या नावाने, नकाशावरचं कुठलंतरी गाव टाकून, अशक्य वजनाची नोंद करून पाहिली, आणि सर्वर हो म्हणाला. मग त्याने एकाच दिवसासाठी चाळीस जणांची नावं लावून पाहिली. सर्वर चाळीसही जणांना हो म्हणाला. 'हा सर्वर कधीच नकार देत नाही,' त्याने शेवटी लिहिलं होतं, 'त्यामुळे त्याच्या होकाराचा वापरणाऱ्याला काही उपयोग नाही. कृपया दुरुस्त करून पुन्हा पाठवा.'

"म्हणजे ते जॉन डो वगैरे सगळं तपासणीपुरतं होतं," प्रियंका म्हणाली. "आणि तपासणीच्या नोंदी तुमच्या फोनवर येऊच द्यायला नको होत्या; ते चाळीस निरोप तर तुम्ही उघडलेही नसतील. ती चूक माझी. पण आबा, तुम्ही कुठे गेला होतात? त्या तिघांकडून माणसं येऊन गेली."

"जॉन डोकडं गेलतो," ग्यानबा म्हणाला.

सखुबाई आतून परात घेऊन आली होती, ती परात तिच्या हातातच राहिली. देविदासने थोडक्यात सांगितलं. वारंग्याचं सांगितलं, किसनसिंगचंही सांगितलं. माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ग्यानबाला समजलं की या घरात ती म्हण ठाऊक नसलेला एक तो आणि दुसरी म्हैस.

"शिकव त्याला," तो म्हणाला.

"कोणाला?"

"तुह्या सर्वरला. न्हाई म्हनायला शिकव. मी सांगतो तसं लिही."

आणि मग तीन दिवस ग्यानबाच्या ओसरीवर नकारांची शाळा भरली. दिवसाला जास्तीत जास्त किती शिजतं, हे प्रियंकाने पहिल्यांदाच विचारलं, आणि ग्यानबानेही पहिल्यांदाच उत्तर दिलं: चार ड्रम, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, शंभर क्विंटल. त्याच्या वर नाही. दोन शेतांमध्ये कुकर हलवायचा तर दीड तास जातो, तो धरायचा. अमावस्येला भट्टी धुतात, त्या दिवशी नाही. पंधरा किलोमीटरच्या पलीकडे नाही. "नसलेल्या तारखेला?" देविदासने हळूच विचारलं. "नसलेल्या तारखेला बी न्हाई," ग्यानबा म्हणाला आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं.

एवढं सोपं गेलं. अडलं ते नकाराच्या शब्दांवर. रजिस्ट्रीचं म्हणणं, नकार स्पष्ट हवा, कारण हवं, आणि मग कधी जमेल तेही सांगायला हवं. ग्यानबाने पहिला मजकूर सांगितला तो असा: राम राम, तुमचा निरोप पोचला, घरी सगळे खुशाल असतीलच, गेल्या साली तुमची हळद काय सोन्यासारखी निघाली होती, यंदाही निघेल, तुम्ही परके नाहीत, कुकर तुमचाच समजा, तकलीफ मानू नका, आता तारखेचं म्हणाल तर—

"आबा, एवढं वाचून होईस्तोवर तारीख निघून जाईल," प्रियंका म्हणाली.

"तोंडावर न्हाई कसं म्हनायचं मंग?"

"मला इचारा," सखुबाई चुलीपासून म्हणाली. "तेहतीस साल झाले, ह्या घरातलं सारं न्हाई मीच म्हनून राहिले. उसना ट्रॅक्टर मागायला आला तं न्हाई कोन म्हनलं? मी. पोरीला सोळाव्या साली मागनं आलं तं न्हाई कोन म्हनलं? मी. तुमी चांगले राहिले आन मी कजाग झाले."

हे तिने भांडायच्या सुरात म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते ग्यानबाला जास्तच लागलं. तो जमिनीवर काडीने रेघा मारत बसला. मग सखुबाईनेच मजकूर सांगितला आणि प्रियंकाने तो लिहिला: 'उद्या नाही. नंबर भरले आहेत. गुरुवारी सकाळी सातला येऊ.' ग्यानबाला ते दारावर कडी घातल्यासारखं वाटलं, पण त्याने ते राहू दिलं.

सर्वर पुन्हा गेला. आठवड्याने तपासणारा पुन्हा आला, तेच नाव, तेच वजन, तीच तारीख घेऊन. या वेळी सर्वरने उत्तर दिलं: 'नाही. फेब्रुवारीत तीस तारीख नसते. एका दिवसात शंभर क्विंटलच्या वर शिजत नाही.' तपासणीच्या नोंदी आता फक्त प्रियंकाच्या लॅपटॉपवर येत होत्या. तिने ही नोंद वाचून दाखवली तेव्हा ग्यानबाचा जीव कळवळला. "बिचारा दुसऱ्यांदा आला व्हता," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रीत नाव चढलं. प्रियंका गच्चीवरून ओरडत खाली आली. सखुबाईने तिच्या तोंडात साखर घातली. ग्यानबाने विचारलं, "आता काय मिळतं?"

"मिळत काही नाही, आबा. आता जगात कोणीही विचारलं तर आपला सर्वर खरं सांगतो, असं तिथे लिहिलेलं आहे."

ग्यानबाने मान हलवली. सर्वर पास झाला होता. मालकाची परीक्षा बाकी होती, कारण त्याच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे अजून एआयला नाही, ग्यानबालाच फोन करत.

त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडच्या तांड्यातली जिवनबाई. साठी उलटलेली, एकटी राहायची, अर्धा एकर हळद. दर साली सगळ्यात आधी लाकडं फोडून बसायची, आणि कुकर कितीही उशिरा आला तरी कधी तोंड वाकडं करायची नाही. आवाज मऊ. "ग्यानबा, उद्या येशीन का रं?"

प्रियंकाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. उद्या मंगळवार, भरलेला. बुधवार भरलेला. चाळीस जणांना नकार देणं एकवेळ सोपं, पण कधी न कुरकुरलेल्या म्हातारीला कसं सांगायचं? 'उद्या' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता, त्याला फक्त ढकलायचं होतं.

"न्हाई, मावशी," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "उद्या न्हाई. परवा बी न्हाई. गुरवारी सकाळी सातला येतो."

पलीकडून फोन बंद झाला.

"तोडलं मी म्हातारीला," ग्यानबा म्हणाला, आणि त्या दिवशी खरोखर जेवला नाही. मंगळवारी, बुधवारी कामावर होता, पण चित्त नव्हतं. दोनदा फोन करावासा वाटला, उचलून ठेवून दिला.

गुरुवारी सातला दहा कमी असताना कुकर तांड्यावर पोचला. जिवनबाईच्या अंगणात लाकडं रचलेली होती, ताडपत्री अंथरलेली होती, हळदीचा ढीग झाकलेला होता. आणि दाराला कुलूप. ग्यानबा ट्रॅक्टरवरून उतरला आणि तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, आता हिने दुसऱ्या कुकरवाल्याला सांगितलं. आपण एकदाच खरं बोललो आणि ते हिच्या वाट्याला आलं. देविदासने भट्टीला हात लावला नाही.

सातला दोन कमी होते तेव्हा रस्त्यावर एक जीप थांबली. जिवनबाई उतरली, काखेत गाठोडं, पायांत नव्या चपला. तुरुतुरु चालत अंगणात आली.

"आला का? बराबर सात?"

"मावशी, तू रागावली न्हाई?" ग्यानबाने विचारलं. "फोन ठिवलास तं मला वाटलं—"

"मंग काय करू? औंढ्याची गाडी निघून चालली व्हती." तिने कनवटीची किल्ली काढली. "लेकीकडं गेलते. दोन दिवस राहून आले."

"हळदीच्या टायमाला?"

"तेच तं." ती कुलूप काढता काढता बोलत होती, त्याच्याकडे पाठ होती. "अकरा साल झाले, ह्या टायमाला म्या घर सोडलं न्हाई. तू उद्या म्हनायचा आन म्या थांबायची. लेकीचे दोन बाळंतपनं झाले, दोनी बी ह्याच महिन्यात. जावं तं हिकडं कुकर आला तं काय करू? गेलेच न्हाई. बाकी साल तं मजुरीतच जातं. यंदा तू न्हाई म्हनलास, तं म्हनलं दोन दिवस माहे हायेत. थोरली नात आता पाच सालाची झाली, ग्यानबा. ती मला वळखत नव्हती. पयल्या दिवशी आईमागं लपून राहिली. काल माह्या मांडीवर येऊन बसली."

ग्यानबाला तिच्याकडे बघवेना. अकरा वर्षांत अकरा वेळा तो या अंगणात आला होता, चहा पिऊन, हसून बोलून गेला होता, आणि आपण खूप चांगलं वागतो असंच त्याला वाटत आलं होतं.

"मावशी, लई चुकलं माह्यं," तो म्हणाला.

जिवनबाईने दार उघडलं, गाठोडं आत ठेवलं आणि बादली घेऊन बाहेर आली.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "टाकीत पानी टाक. बाया येऊन राहिल्या."